तिलाही मधलं दिसत नव्हतं

बाबा,

गेल्या मंगळवारी डॉक्टरांनी माझ्या डाव्या डोळ्यात सुई दिली. ऐकायला भयंकर वाटतं, पण तसं काही नाही. डोळा बधिर करतात, वर बघा म्हणतात, आणि आपण वर बघेपर्यंत झालेलं असतं. गेल्या वर्षी पेपरातल्या ओळी मधोमध वाकायला लागल्या, दाराची चौकट फुगल्यासारखी दिसायला लागली, तेव्हाच मी ओळखलं की तुमच्या दुखण्याचं एखादं भावंड माझ्याकडे आलं आहे. फरक इतकाच की तुमच्या वेळी काही औषध नव्हतं, आणि माझ्या प्रकाराला आता थोडं आहे. ओळी अजून पुरत्या सरळ झाल्या नाहीत, पण वाकणं थांबलं आहे. हे पत्र मी माझ्याच हातानं लिहिते आहे, जाड पेनानं, मोठ्या अक्षरात. सुई द्यायच्या आधी तो तरुण डॉक्टर म्हणाला, "आजी, घाबरू नका. हे औषध माणसांच्या आधी माकडांच्या डोळ्यांत घालून पाहिलेलं आहे." मला हसू आलं. का आलं ते त्याला सांगायला वेळ नव्हता, बाहेर रांग होती. घरी आले, चहा घेतला आणि वाटलं, ज्यांना सांगायचं त्यांनाच सांगावं. तुम्हाला जाऊन पन्नासाहून जास्त वर्षं झाली. यातलं बरंचसं तुम्हाला ठाऊक आहे, तरी पहिल्यापासून सांगते.

तेव्हा मी इंटर सायन्सला होते. नागपूर अजून जुन्या मध्य प्रदेशाची राजधानी होतं आणि आपल्या वस्तीत सकाळी सहापासून घराघरातून मागाचा ठोका ऐकू यायचा. आपल्याही घरातून यायचा. पुढच्या खोलीत खड्ड्यात पाय सोडून तुम्ही बसलेले, सुताची कांडी घातलेला धोटा उभ्या धाग्यांतून डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे, आणि आई दाराशी बसून चरख्यावर सुताच्या कांड्या भरते आहे. तुमच्या हातचं बारीक सुताचं लुगडं इतवारी बाजारातले व्यापारी घडी न उघडता घ्यायचे. मग एका वर्षी ते उघडून घ्यायला लागले, आणि पुढच्या वर्षी परत पाठवायला. मधेच धागा तुटलेला असायचा, आणि तुटलेलं तुम्हाला कळायचं नाही. एका दवाखान्यात तुम्हाला सांगितलं, मोतीबिंदू आहे, पिकू द्या, मग या. दुसरीकडे चष्मा दिला. तो लावून तुम्ही अर्धा दिवस माग चालवलात आणि काढून फळीवर ठेवलात. तुम्ही एकच सांगायचात, "मधातच नाही दिसत. बाजूनं दिसते." आई चिडायची. "यायले भिंतीवरची माशी दिसते, अन् समोरचा धागा दिसत नाही. असा कोणता आजार असते?"

मीही चिडायचे, बाबा. आणि मी त्याहून वाईट केलं. तुम्ही जेवत होतात, आणि मी तुमच्या पाटाच्या उजव्या बाजूला, हात पुरेल एवढ्या अंतरावर, एक चकाकती सुई टाकली. आवाज झाला नाही. तुम्ही मान न वळवता हात लांब करून ती उचललीत आणि म्हणालात, "सुई कोनाची पडली? पायात जाईन कोनाच्या." मी आत जाऊन आईला सांगितलं, त्यांना सगळं दिसतं. त्यानंतर आईनं तुमच्याशी धड बोलणंच सोडलं. दिवाळीनंतर तुम्ही मागावर बसायचं बंद केलंत आणि ओट्यावर बसायला लागलात. आई दुसऱ्यांच्या मागांसाठी कांड्या भरायला लागली. रस्त्यानं जाणाऱ्या माणसाला तुम्ही चालीवरून ओळखायचात, तोंडाकडे बघायचाच नाहीत, म्हणून लोक म्हणायला लागले, म्हाताऱ्याला गर्व आला. तुम्ही तेव्हा पंचावन्नचेही नव्हता.

बी.एस्सी. झाल्यावर मला मेडिकल कॉलेजात प्रयोगशाळेत काम मिळालं. डोळ्यांच्या विभागात एक डॉक्टरबाई होत्या, पन्नाशीच्या, बिनलग्नाच्या, सायकलवर यायच्या आणि पदर कमरेला घट्ट खोचायच्या. इमारतीच्या मागच्या अंगाला त्यांनी दहा-बारा माकडं ठेवली होती. लाल तोंडाची, सगळी म्हातारी. त्या काळी परदेशात औषधांच्या कामासाठी माकडं पाठवायचे, ती पकडणारी माणसं टोळीतली तरुण माकडं तेवढी घ्यायची आणि म्हातारी सोडून द्यायची. डॉक्टरबाईंनी मौद्याच्या बाजूच्या एका पकडणाऱ्याला सांगून ठेवलं होतं, तुला नको असलेली मला आणून दे. माणूस म्हातारा झाला की डोळ्याच्या आतला पडदा झिजतो, तसा माकडाचाही झिजतो का, हे त्यांना बघायचं होतं. कॉलेजात त्यांना मागून माकडवाल्या बाई म्हणायचे. आईला कळलं तेव्हा तिनं कपाळाला हात लावला. मारोतीच्या लेकरांना पिंजऱ्यात ठेवतात, अन् आपली पोरगी तिथं कामाला. तुम्ही ओट्यावरून एवढंच विचारलंत, "मारते काय त्यायले?" मी म्हटलं, नाही, डोळे तपासतात. तुम्ही मान हलवलीत.

पाऊस सरल्यावरची सकाळ असेल. सगळ्यांत म्हाताऱ्या माकडिणीला गुंगीचं औषध देऊन टेबलावर निजवलं होतं. डॉक्टरबाईंनी डोळ्याच्या आत बघायचं आरशाचं लहानसं यंत्र माझ्या हातात दिलं आणि म्हणाल्या, "नुसत्या वह्या भरू नकोस, बघ." मी वाकून बघते. आधी काही कळत नाही, नुसतं केशरी. मग नसा दिसतात, आणि बरोबर मध्यभागी पिवळट ठिपके, ज्वारीच्या कण्या सांडाव्यात तसे. "जिथं नजर सगळ्यांत तीक्ष्ण असते, तिथंच हे झालंय," डॉक्टरबाई सांगत होत्या. "हिला समोरचं दिसत नसणार. कडेचं दिसेल. भिंतीवरची माशी दिसेल, पण हातातला दाणा दिसणार नाही." मी यंत्र डोळ्यापासून काढलं. त्या म्हणाल्या, चक्कर येते का? मी म्हटलं, नाही, माझ्या वडिलांना असंच होतं आणि आम्ही त्यांना खोटं ठरवलं. त्यांनी ते माझ्या हातातून घेतलं. मग म्हणाल्या, "उद्याच घेऊन ये."

तुम्ही यायला तयार नव्हता. दवाखाने पुरे झाले म्हणालात. मग मी सांगितलं की तिथं एक माकडीण आहे, तिला तुमच्यासारखंच होतं. दुसऱ्या दिवशी धुतलेलं धोतर नेसून, टोपी घालून तुम्ही माझ्या आधी दारात उभे. सक्करदऱ्याच्या तळ्याकडून आपण चालत गेलो, तुम्ही माझ्या दोन पावलं पुढे, कुठंही न अडखळता. डॉक्टरबाईंनी औषध घालून तुमच्या डोळ्यांत कितीतरी वेळ पाहिलं. नंतर खुर्ची ओढून तुमच्यासमोर बसल्या आणि काही न लपवता बोलल्या. म्हणाल्या, "हा आजार आहे. मोतीबिंदू नाही. माझ्याकडे याला औषध नाही आणि जगात कुणाकडे आहे असं मला माहीत नाही. पण पूर्ण अंधार होणार नाही. कडेची नजर राहील." मला वाटलं तुम्ही खचाल. तुम्ही बराच वेळ टोपी हातात फिरवत राहिलात आणि म्हणालात, "म्हंजे मी ढोंग करून राहिलो नव्हतो." हे तुम्ही त्यांना म्हणालात. माझ्याकडे तोंड वळवलं नाहीत. खोटं ठरवल्याबद्दल तुम्ही मला कधी बोलला नाहीत, त्या दिवशीही नाही आणि नंतरही नाही. बोलला असतात तर बरं झालं असतं, असं मला पुष्कळ वर्षं वाटत राहिलं.

मग तुम्ही विचारलंत, "ते माकडीन पाहाले भेटन काय?" पिंजऱ्यासमोर तुमच्यासाठी स्टूल ठेवलं. ती कोपऱ्यात बसली होती, अंगावरचे केस विरळ झालेले, तोंडावर सुरकुत्या. मी भुईमुगाचे दाणे टाकले. तिनं तोंड भलतीकडेच वळवलं आणि हात बरोबर दाण्यावर टाकला. आम्ही हे रोज बघत होतो, पण म्हातारपणी येतो तसला विक्षिप्तपणा समजत होतो. तुम्ही खाली वाकलात. "पाह्य, ते दाण्याकडे पाहून नाही राहिली. दाण्याच्या बाजूले पाहून राहिली, म्हणून तिले दाणा दिसला. मी भाकर अशीच उचलतो." डॉक्टरबाई माझ्या मागे उभ्या होत्या. त्यांनी वही मागवली आणि तुमच्यासमोर जमिनीवर मांडी घालून बसल्या. "पुन्हा सांगा," म्हणाल्या, "हळू."

त्यांची अडचण त्यांनी तुम्हाला त्याच दिवशी सांगितली, मला मात्र दोन वर्षांत सांगितली नव्हती. कॉलेजचे मोठे साहेब म्हणत होते, माकडाच्या पडद्यावर ठिपके आहेत, ठीक आहे, पण त्यानं नजर गेली हे कशावरून? माकड काय अक्षरांचा तक्ता वाचून दाखवणार? वर्ष संपेपर्यंत दाखवा, नाहीतर पिंजरे रिकामे करा. डॉक्टरबाईंनी एक युक्ती केली होती. एका पेटीला दोन झडपा, एकीवर काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा कागद, दुसरीवर करडा. पट्ट्यांच्या मागे दाणे. पट्टे बारीक बारीक करत गेलं की कुठं तरी माकडाला ते दिसेनासे होतील, तीच त्याची नजर. पण शाई चकाकायची, करडा रंग कधी फिका तर कधी गडद व्हायचा, आणि माकडं पट्टे न बघता नुसत्या उजेडावरून ओळखायची. कागद फाडायची ते वेगळंच. तुम्ही ऐकत होतात. म्हणालात, "कागद काहून? कापड घ्या ना बाई. एक धागा काळा, एक पांढरा घातला की दुरून करडंच दिसते. वीस काळे, वीस पांढरे घातले की पट्टा दिसते. सूत तेच, काळं तेवढंच, पांढरं तेवढंच. मंग उजेडात फरक कुठून येईन?" डॉक्टरबाईंनी पेन खाली ठेवलं. मग त्यांनी विचारलं, "विणून कोण देईल?" आणि तुम्ही म्हणालात, "मी. याले दिसाची काय गरज? मोजाची गरज हाय."

दुसऱ्या दिवशी सकाळी आईनं मागावरचं धुळकट फडकं काढलेलं पाहिलं आणि ती चुलीकडे गेली. ताण्याचे उभे धागे मी आणि तुम्ही मिळून चढवले, तुटलेला धागा मी बघायचा आणि गाठ तुम्ही मारायची, कारण गाठ तुमच्या बोटांना येत होती, माझ्या नाही. दोन धोटे, एकात काळी कांडी, एकात पांढरी. तुम्ही मोठ्यानं मोजत होतात. वीस काळे. वीस पांढरे. हातभर झालं की दहा-दहा. मग पाच-पाच, मग दोन-दोन, आणि शेवटी एक-एक, तो करडा. तुमचा आवाज आणि मागाच्या फणीचा ठोका एकाच तालात. दुपारी काळ्या सुताच्या कांड्या संपत आल्या. मी उठणार तोच आई चरखा घेऊन दाराशी येऊन बसली, तिच्या जुन्या जागी. तुमच्याकडे न बघता म्हणाली, "कांड्या कमी पडल्या त सांगजा." तुम्ही मोजत होतात, थांबला नाहीत, पण आकडा चुकलात. सात नंतर पुन्हा सात म्हणालात. ती ओळ आम्ही उसवली.

प्रयोग सुरू झाले. तुम्ही दर रविवारी यायचात, स्टुलावर बसायचात. एका रविवारी मी तुम्हाला सांगितलं की आदल्या संध्याकाळपासून म्हातारीला काही दिलेलं नाही, म्हणजे ती मन लावून काम करेल. तसंच करायची पद्धत होती, डॉक्टरबाईंनीच शिकवलेली. तुमचा आवाज मी तसा कधीच ऐकला नव्हता. "काहून वं, मले उपाशी ठेवून धागा ओळखाले लावशीन काय? भुकेलं जनावर कुठंबी हात घालते. मंग तुले तिचे डोळे समजन का पोट?" मी रडकुंडीला आले. डॉक्टरबाईंनी हे दारातून ऐकलं होतं. त्या म्हणाल्या, "बरोबर बोलताहेत. दोन्ही अर्थांनी बरोबर आहे." त्या दिवसापासून सगळ्यांना आधी पोटभर भिजवलेले चणे आणि मग पेटी. आणि खरंच, हात भलतीकडे पडणं कमी झालं. म्हातारी वीसचे पट्टे बरोबर ओळखायची, दहाचेही, तोंड वळवून वळवून. पाचांवर ती थांबायची, दोन्ही झडपांकडे बाजूनं बघायची आणि कंटाळून पाठ करून बसायची. ज्यांचे पडदे स्वच्छ होते ती माकडं दोन-दोनचे पट्टेही ओळखायची. ज्याच्या पडद्यावर जेवढे ठिपके जास्त, तेवढं ते आधी थांबायचं. वहीत हे आकडे मी दोनदा तपासून उतरवायचे.

मोठे साहेब बघायला आले तेव्हा तुम्ही एका बाजूला उभे होतात. त्यांनी दोन-दोनचं कापड हातात घेतलं, लांब धरलं, चष्मा वर-खाली केला आणि म्हणाले, "हे तर करडंच आहे." डॉक्टरबाईंनी ते कापड पेटीवर लावलं. एका माकडानं आल्या आल्या ते ओळखलं, चणे काढले आणि साहेबांसमोर बसून खाल्ले. साहेब हसले. चांगले माणूस होते, उगाच कशाला नावं ठेवू. विचारलं, "हे कापड कुठून आणलं?" डॉक्टरबाईंनी तुमच्याकडे हात केला. साहेब म्हणाले, चालू द्या, आणखी दोन वर्षं तरी चालू द्या. परतताना तळ्याच्या काठी तुम्ही थांबलात. म्हणालात, "ते म्हातारी तोंड फिरवून पाहते, तिले कोनाची लाज नाही वाटत. मलेच काहून वाटावं?" आणि तिथं, येणाऱ्या-जाणाऱ्यांसमोर, तुम्ही माझ्या कानाच्या पलीकडे कुठंतरी नजर लावलीत आणि मला बघितलंत. कितीतरी वेळ बघितलंत. मग म्हणालात, "तू वाळली वं."

त्यानंतर तुम्ही पुन्हा मागावर बसलात. बारीक लुगडी नाहीत, पट्ट्यांचे पंचे आणि चादरी, सगळं मोजून. काठ आई बघायची. वस्तीतल्या आणखी तिघांना तुमच्यासारखं होतं, ते कळल्यावर तुम्हीच त्यांना हाताला धरून डॉक्टरबाईंकडे घेऊन गेलात. औषध नव्हतंच, पण बाजूनं कसं बघायचं ते तुम्ही त्यांना शिकवायचात, आणि त्यांच्या बायकांना समोर बसवून सांगायचात की हा माणूस खोटं बोलत नाही. मला वाटतं, तुमच्या आयुष्यातली ती दोन वर्षं सगळ्यांत चांगली होती. माझी तर होतीच.

पुढचं तुम्हाला ठाऊक नाही. संत्र्यांचे दिवस होते. तुमच्या पायांवर सूज आली, दम लागायला लागला, आणि डॉक्टरांनी तुम्हाला अंथरुणातून उठायला मनाई केली. त्याच आठवड्यात म्हातारी माकडीण गेली. सकाळी गेले तर ती कोपऱ्यात निजल्यासारखी. घरी येऊन सांगणार होते, पण दारात पाऊल टाकलं तोच तुम्ही विचारलंत, "म्हातारी काय म्हणते?" तुमचा चेहरा बघून मी म्हटलं, खाते-पिते. दुसऱ्या दिवशी मामानं काटोलहून संत्र्यांची टोपली आणली. तुम्ही एक संत्रं सोललंत, अंथरुणात बसून, बोटांनी चाचपत शिरा काढल्यात, बिया काढल्यात, आणि धुतलेल्या कापडाच्या तुकड्यात बांधून माझ्या हातात दिलंत. "तिचे दात गेले हायेत," म्हणालात, "तिले असंच देजो." त्यानंतर रोज एक. जवळजवळ महिनाभर, तुम्ही जाईपर्यंत.

डॉक्टरबाईंनी गेलेल्या म्हातारी माकडिणीचा डोळा सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला होता. पडद्याच्या मध्यभागी, जिथं त्यांनी सांगितलं होतं बरोबर तिथंच, झीज होती. त्यांनी मला बोलावून दाखवलं. "वडिलांना सांग," म्हणाल्या. तुम्हाला किती आनंद झाला असता. पण ते सांगायचं तर ती गेली हेही सांगावं लागलं असतं, म्हणून मी सांगितलं नाही. आणि ती संत्री, बाबा, मी कॉलेजच्या मागच्या भिंतीशी बसून खाल्ली. रोजची रोज. एकही कुणाला दिली नाही.